भटकलेला उपग्रह आणि नोव्हेंबरचा पाऊस

३ फेब्रुवारी १९८४ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान आकाशात झेपावलं. त्याच्या पोटात वेस्टार-६ नावाचा दूरसंचार उपग्रह होता. यानातून सुटल्यावर त्याला वरच्या कक्षेत नेणारं इंजिन मध्येच बंद पडलं आणि कोट्यवधी डॉलरचा तो उपग्रह भलत्याच कक्षेत भटकत राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातून गेलेल्या जो ॲलन आणि डेल गार्डनर या अंतराळवीरांनी अवकाशात तरंगत तो पकडला आणि यानात घालून पृथ्वीवर परत आणला. डागडुजी झाली, मालक बदलले, नाव बदललं. ७ एप्रिल १९९० रोजी चिनी अग्निबाणाने तोच उपग्रह पुन्हा वर नेला, एशियासॅट-१ या नावाने. पुढच्या वर्षी हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने त्यावरून वाहिन्या सुरू केल्या. त्यातली एक होती एमटीव्ही.

आपल्याकडे उपग्रह वाहिन्यांची पहिली चाहूल लागली ती जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या सीएनएनवरच्या थेट दृश्यांनी. त्याआधी केबलवाले व्हीसीआरवर सिनेमे लावून घरोघरी तार टाकत होते. आता त्यांनी गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि त्याच तारेतून परदेश आत आला. छायागीत आणि चित्रहारच्या वेळा सांभाळून गाणी पाहणाऱ्या घरांत अचानक चोवीस तास गाणी सुरू झाली, तीही अशा लोकांची ज्यांची भाषा, केस आणि कपडे यांतलं काहीच ओळखीचं नव्हतं. त्या गर्दीत १९९२ साली एक गाणं असं आलं की ते लागलं की माणूस हातातलं काम ठेवून बघत बसे. जवळपास नऊ मिनिटांचं. चर्चमध्ये लग्न, मांडवात पाऊस आणि शेवटी शवपेटी. गन्स अँड रोझेसचं 'नोव्हेंबर रेन'.

हे गाणं ज्या प्रकारात मोडतं त्याला पॉवर बॅलड म्हणतात. कानठळ्या बसवणाऱ्या रॉक बँडने हळवं व्हायचं ठरवलं की तो तयार होतो. सुरुवात एकट्या पियानोने किंवा साध्या गिटारने, आवाज जवळजवळ कुजबुजता. मग ड्रम येतात, मागे तंतुवाद्यं भरतात, गायक टिपेला जातो, गिटार त्याच्याही वर चढते आणि सुरुवातीचं ते खासगी दुःख हजारोंच्या मैदानाचं होऊन जातं. १९७३ साली एरोस्मिथच्या 'ड्रीम ऑन'मध्ये हा साचा स्पष्ट दिसतो. पुढे जर्नी या बँडने तो घोटून पक्का केला. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाली आणि या गाण्यांना चेहरा मिळाला. १९८५ मध्ये मॉटली क्रूच्या 'होम स्वीट होम'च्या फर्माइशी इतक्या येत राहिल्या की जुना व्हिडिओ फर्माइशीच्या यादीत किती दिवस ठेवायचा यावर वाहिनीला मर्यादा घालावी लागली. रॉकचा खरा गल्ला या हळव्या गाण्यांवर भरतो हे कंपन्यांना तेव्हाच कळून चुकलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रत्येक अल्बममध्ये असं एक गाणं हवंच असा दंडक पडला आणि त्यातली बहुतेक गाणी एकमेकांच्या छापाची निघाली.

'नोव्हेंबर रेन' त्या छापातून सुटलं याचं एक कारण म्हणजे ते फार काळ मुरत पडलं होतं. बँडचा गायक ॲक्सल रोझ ते १९८३ च्या सुमारापासून पियानोवर वाजवून पाहायचा, असं त्याचे त्या काळचे साथीदार सांगतात. १९८६ मध्ये नाझरेथ बँडचा गिटारवादक मॅनी चार्लटन याच्यासोबत कच्ची मुद्रणं झाली, त्यांत हे गाणं होतं. स्लॅश या गिटारवादकाने पुढे लिहिलं आहे की त्या वेळचं एक रूप अठरा मिनिटांचं होतं. १९८७ च्या पहिल्या अल्बमात मात्र त्याला जागा मिळाली नाही. रोझला ते पूर्ण झाल्यासारखं वाटत नव्हतं. शेवटी १७ सप्टेंबर १९९१ रोजी 'यूज युवर इल्युजन'चे दोन भाग एकाच दिवशी बाजारात आले आणि पहिल्या भागात हे गाणं आलं. त्यातली व्हायोलिनं खरी नव्हेत. तो सगळा वाद्यवृंद रोझने सिंथेसायझरवर उभा केला आहे. खऱ्या पन्नास वादकांचा ताफा त्याला लाभला तो २०२२ च्या नव्या आवृत्तीत.

गाण्याची बांधणी ऐकण्यासारखी आहे. प्रेम टिकत नाही, माणसं बदलतात, पण थोडा वेळ दिला तर कदाचित सावरता येईल, एवढाच त्याचा आशय. तो पियानोवर सावकाश मांडला जातो. मॅट सोरमचे ड्रम मुद्दाम एकसारखे, जड आणि सरळ आहेत, उगाच कारागिरी नाही. तीन वेळा स्लॅशची गिटार पुढे येते आणि तिन्ही वेळा ती गाण्यासारखी, म्हणजे गुणगुणता येईल अशी वाजते. मग शेवटच्या दोन मिनिटांत चाल साफ बदलते. पियानोचे ठोके काळे, जड होतात, कोरस तीच ती विनवणी पुन्हा पुन्हा करत राहतो आणि गिटार त्याच्यावरून आक्रोश करत निघते. जिथे गाणं संपायला हवं होतं तिथे ते नव्याने सुरू होतं. आठ मिनिटं सत्तावन्न सेकंदांचं हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पहिल्या दहांत पोचलेलं सगळ्यात लांब गाणं हा मान त्याच्याकडे जवळपास तीस वर्षं राहिला. २०२१ मध्ये टेलर स्विफ्टच्या दहा मिनिटांच्या गाण्याने तो घेतला, आणि योगायोग असा की त्या गाण्यासोबतही एक गोष्ट सांगणारा लघुपट होता.

आता व्हिडिओ. अँडी मोराहान याने तो दिग्दर्शित केला. खर्च सुमारे पंधरा लाख डॉलर झाल्याचं सांगतात, म्हणजे त्या काळात एखादा छोटा सिनेमा निघाला असता. माइक साउदन आणि डॅनियल पर्ल या कॅमेरामननी तो टिपला आणि १९९२ चा एमटीव्हीचा छायाचित्रणाचा पुरस्कार मिळवला. सुरुवातीला निळसर अंधाराच्या खोलीत ॲक्सल रोझ गोळ्या घेऊन अंथरुणावर पडतो. पुढचं सगळं स्वप्न की आठवण हे व्हिडिओ ठरवून सांगत नाही. नाट्यगृहातला वाद्यवृंदासह कार्यक्रम दिसतो, मग चर्चमधलं लग्न. नवरी आहे स्टेफनी सीमोर, त्या काळची गाजलेली मॉडेल आणि रोझची खऱ्या आयुष्यातलीही प्रेयसी. नवरदेवाची पाठराखण करणारा स्लॅश खिसे चाचपतो, अंगठी सापडत नाही. बाजूचा बँडमधलाच डफ मॅकेगन स्वतःच्या बोटातली काढून पुढे करतो. अंगठी घातली जाते आणि स्लॅश वळून एकटाच चर्चबाहेर चालू लागतो.

हा क्षण ज्यांनी पाहिला ते विसरले नाहीत. आत भव्य, उंच छताचं चर्च. दार उघडून तो बाहेर येतो तर चहूकडे न्यू मेक्सिकोचा उजाड माळ, धूळ आणि मागे एक इवलंसं चर्च. आतल्या चर्चशी त्याचा मेळ बसत नाही आणि बसवायचा प्रयत्नही नाही. तो पाय रोवून उभा राहतो, गिटारची तार कुठेच जोडलेली नाही, हेलिकॉप्टरमधला कॅमेरा त्याच्याभोवती घिरट्या घालतो, वाऱ्याने केस आणि शर्ट उडतो आणि सोलो वाजत राहतो. आत लग्न चाललं आहे आणि मित्र बाहेर ओसाडीत उभा राहून काहीतरी वेगळंच सांगतो आहे. गोष्टीला पहिला तडा जातो तो इथे, एकाही शब्दाशिवाय.

पुढे मेजवानी. केक, हशा, आणि अचानक धो धो पाऊस. पाहुणे सैरावैरा पळतात, एक जण थेट केकवर झेप घेतो, पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल वाइन सांडून पसरते. त्या लाल डागावरून आपण सरळ शवपेटीपाशी येतो. नवरी मेली आहे. का, हे व्हिडिओत कुठेच नाही. पेटीत तिच्या चेहऱ्याचा अर्धा भाग आरशाआड आहे, आणि चेहरा विद्रूप झालेला असला की तो असा झाकतात हे ज्याला माहीत त्याला पुढचं कळतं. शेवटी पडद्यावर उल्लेख येतो तो डेल जेम्स याच्या 'विदाउट यू' या लघुकथेचा. जेम्स हा रोझचा मित्र. त्याच्या कथेत एका यशस्वी गायकाच्या बेफिकिरीने प्रेम मोडतं आणि प्रेयसी स्वतःला गोळी घालून घेते. १९९५ मध्ये त्याच्या कथासंग्रहातून ती पुस्तकरूपात आली. 'डोन्ट क्राय', 'नोव्हेंबर रेन' आणि 'एस्ट्रेंज्ड' हे तीन व्हिडिओ मोराहाननेच केले आणि ते एकाच गोष्टीचे तीन भाग मानले जातात. तिसरा येईतो १९९३ उजाडलं होतं, रोझ आणि सीमोर वेगळे झाले होते आणि नवरीशिवायच तो पुरा करावा लागला.

या सगळ्याचा पाया लघुकथा आहे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैसा त्या काळी इतर बँडांनीही ओतला, हेलिकॉप्टर त्यांनाही परवडत होतं. पण या व्हिडिओत प्रत्येक वस्तूला काम आहे, कारण मागे एका कथाकाराने घडवलेली गोष्ट उभी आहे. अंगठी हरवते, पाऊस येतो, वाइन सांडते आणि नवरीने उधळलेला पुष्पगुच्छ शवपेटीवर येऊन पडतो. शब्दांत न सांगितलेलं बघणाऱ्याने स्वतः जोडायचं, हे कथेचं तंत्र इथे गाण्याने उचललं आहे.

मराठी कानाला हे गाणं परकं का वाटलं नाही, याचं उत्तर शोधायला खुलताबादला जावं लागतं. छत्रपती संभाजीनगरहून पंचवीस-एक किलोमीटरवर, दौलताबादचा घाट चढून वेरूळकडे जाताना हे गाव लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा दिल्लीचे सुफीही इकडे आले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब त्यांत होते. संगीताच्या बैठकीला, समाला, त्यांच्या साधनेत इतकं मोलाचं स्थान होतं की त्यांच्या शिष्यांची भावावेशातली नृत्याची रीतच त्यांच्या नावाने ओळखली गेली. १३३७ मध्ये ते वारले आणि त्यांची कबर इथेच झाली. फार्सी कवी अमीर हसन सिजझी, निजामुद्दीनांची संभाषणं ज्यांनी 'फवाइद-उल-फुआद'मध्ये टिपून ठेवली, तेही याच मातीत आहेत. बुऱ्हानुद्दीनांचे वारस जैनुद्दीन शिराजी हे मोठे विद्वान. परंपरा सांगते की आधी त्यांना या गाण्याबजावण्याचं वावडं होतं, पण बुऱ्हानुद्दीनांच्या सहवासात ते विरघळलं आणि ते त्यांचेच शिष्य झाले.

खुलताबादेत रबिउल अव्वल महिन्यात जर जरी जर बक्ष या सुफी संतांचा मोठा उरूस भरतो. तिथे कव्वाली ऐकलेल्या माणसाला पॉवर बॅलडची चढण समजावून सांगावी लागत नाही. बाजाचे लांब सूर, एकट्याचा सावकाश आलाप, मग मुखडा. तीच ओळ परत परत, दर वेळी जरा वेगळ्या वजनाने. मध्येच गिरह लावून दुसरा शेर गुंफायचा आणि पुन्हा मुखड्यावर यायचं. ढोलक आणि टाळ्यांची लय चढत जाते, मागचे साथीदार ओळ उचलून धरतात आणि गायक टिपेला जाऊन तिथेच थांबतो. ऐकणाऱ्याची घालमेल होईपर्यंत ताणायचं आणि मग सोडायचं. लांबीला इथे कुणी कंटाळत नाही, लांबी हीच त्या अनुभवाची अट आहे. नऊ मिनिटांचं गाणं अमेरिकन रेडिओला फार वाटलं. आपल्या मातीत ते अगदीच आवाक्यातलं होतं.

आणखी एक धागा आहे, तो जास्त खोल जातो. या सुफींच्या चिश्ती परंपरेत औलियाचं जाणं हे प्रियतमाशी मीलन मानतात. म्हणून पुण्यतिथीला सुतक नसतं, लग्नघराची लगबग असते. संदल मिरवत येतो, चादर चढते, फुलं, दिवे, अत्तर, गाणं. लग्न आणि मरण एकाच मांडवात बसवणं हे लॉस एंजेलिसच्या रॉक बँडला जगावेगळं साहस वाटलं असेल, खुलताबादेत ते साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ चालत आलं आहे. फरक आहे तो मोठा आहे. व्हिडिओत मरणाने लग्न मोडतं, खुलताबादेत मरणाने ते लागतं. पण दोन्हीकडे ते पेलतं गाणंच.

याच गावात औरंगजेबाची कबर आहे, जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात. ३ मार्च १७०७ रोजी तो अहमदनगरजवळ वारला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याला इथे आणलं. कारकिर्दीच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास दरबारी गाण्याकडे त्याने पाठ फिरवली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधीची गोष्ट कमी सांगितली जाते. दख्खनचा सुभेदार असताना बुऱ्हाणपुरात हिराबाई नावाच्या गायिकेवर त्याचा जीव जडला. तिला जैनाबादी म्हणत, कारण तापीपलीकडचं जैनाबाद हे तिचं ठिकाण. ऐन बहरात ती गेली आणि तिला औरंगाबादेत पुरलं. शोकाने सैरभैर झालेला शहजादा शिकारीला निघून गेला, असं अठराव्या शतकातल्या 'मआसिर-उल-उमरा'त नोंदलेलं आहे. जैनाबाद हे गाव फारूकी सुलतानांनी वसवलं ते जैनुद्दीनांच्या नावाने आणि बुऱ्हाणपूर बुऱ्हानुद्दीनांच्या नावाने. म्हणजे ज्या संताच्या नावाच्या गावाने त्या गायिकेला ओळख दिली, त्याच संताच्या पायाशी औरंगजेब विसावला आहे. एखाद्या कथाकाराने एवढी जुळणी केली असती तर ती ओढूनताणून आणलेली म्हणून आपण नाकारली असती.

तर चढत जाणारं लांब गाणं इथे होतं. प्रेम, मरण आणि शोकाच्या गोष्टी इथे होत्या. गोष्ट गाऊन सांगायची सवय तर पोवाड्यात आणि कीर्तनाच्या आख्यानात पूर्वापार होती. रॉकही होता. ज्या १९८४ मध्ये तो उपग्रह भटकला, त्याच वर्षी मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला. पुढे जमलेला त्याचा संच असा: उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, झुबिन बालापोरिया, जयेश गांधी. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि त्या उघड्या प्रेक्षागृहात मुंबईचा तरुण घाम गाळत उभा राहू लागला. दुसऱ्यांची गाणी वाजवून टाळ्या मिळत असताना रॉक मशीनने स्वतःची गाणी लिहायचा हट्ट धरला. १९८८ आणि १९९० मध्ये त्यांचे अल्बम आले. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, सुरांत भारतीय रंग मिसळले आणि त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या पोरांनी जगाच्या पडद्यावर जागा मिळवली होती. त्या कामगिरीची जेवढी नोंद आपल्या मराठी नियतकालिकांत व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, याची खंत वाटते.

पण वारा फिरला. १९९४ मध्ये एमटीव्ही स्टारमधून बाहेर पडली, तिच्या जागी चॅनल व्ही आली आणि देशी गाण्यांची मागणी वाढली. १९९६ मध्ये एमटीव्ही परतली ती भारतीय अवतारात. तिकडे अमेरिकेत निर्वाणा या बँडने १९९१ मध्येच त्या भव्य, नटलेल्या रॉकचं आसन हलवलं होतं. १९९७ मध्ये इंडस क्रीड विसर्जित झाला. गोष्ट सांगणारा व्हिडिओ मात्र मेला नाही, तो हिंदी पॉपकडे गेला. १९९५ च्या 'मेड इन इंडिया'त अलिशा चिनॉयसमोर लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर आला आणि देशभर गाजला. पुढे दिल्लीच्या युफोरिया बँडने दिग्दर्शक प्रदीप सरकारांना हाताशी धरलं. २००० सालचं 'माएरी' हे माझ्या मते भारतीय पॉवर बॅलडचं सगळ्यात सफल रूप आहे, विरह आहे, गिटार आहे आणि गोष्टही आहे. त्याच सरकारांनी २००५ मध्ये 'परिणीता' हा सिनेमा केला. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कथेवर. कथेकडे सरकारांची नजर आधीपासून होती.

मुंबईतला रॉक इंग्रजीत विचार करत राहिला आणि मराठी कथा मराठीतच राहिली. एकाच शहरात, कधी एकाच घरात, दोघं राहत होते आणि त्यांची गाठ पडली नाही. माझ्या मते आपलं 'नोव्हेंबर रेन' होता होता राहिलं ते याच कारणाने. पैशाची कमतरता हे कारण दुय्यम आहे.

गन्स अँड रोझेस डिसेंबर २०१२ मध्ये मुंबईत आले तेव्हा स्लॅश त्यांच्यात नव्हता. १७ मे २०२५ रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तो त्यांच्यासोबत होता. 'नोव्हेंबर रेन'चा व्हिडिओ २०१८ मध्येच युट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिला गेला होता. युट्यूबचा जन्म होण्याआधी बनलेल्या व्हिडिओंत हा टप्पा गाठणारा तो पहिला.

आज मराठवाड्याच्या कुठल्याही तालुक्यात गिटार आहे, रेकॉर्डिंग घरी होतं, ड्रोन भाड्याने मिळतो. हेलिकॉप्टरची गरज उरलेली नाही. आणि कथा तर आपल्याकडे पडून आहेत. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' शाळेत वाचली असेल. बाजारात कवडीमोल झालेले टोमॅटो शेतकरी स्वतःच्या पायांनी तुडवतो आणि सगळीकडे लाल चिखल होतो, पोरगा बघत राहतो. पांढऱ्या टेबलक्लॉथवरच्या वाइनपेक्षा तो लाल रंग कितीतरी जास्त खरा आहे. पियानोने सुरू होईल, शेवटी गिटार आक्रोश करील, असं नऊ मिनिटांचं मराठी गाणं त्या कथेत तयार आहे. ज्यांच्या हातात वाद्य आहे त्यांनी ती कथा पुन्हा काढून वाचावी आणि रीतसर परवानगी घेऊन कामाला लागावं.